आठ तासांवरचे पाच ठिपके

नीलम वाव्हळे बंगळूरला मेंदूविज्ञानात संशोधन करायला गेली, तेव्हापासून लोक माझं अभिनंदन करत सुटलेत. परवा स्टेशन रोडला औषधाच्या दुकानात उभा होतो, तर एक जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, सर, झरीच्या पोरीला तुम्ही कुठल्या कुठं पोचवलंत. मी म्हणालो, बाबा रे, तुला काही माहीत नाही, तू आपली औषधं घे आणि घरी जा. त्याला वाटलं, म्हातारा विनयानं बोलतोय. विनय माझ्या अंगात कधीच नव्हता. एकतीस वर्षं परभणीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवलं, पोरं माझ्या माघारी मला ‘तापमापक’ म्हणायची, कारण माझा पारा चढायला फार वेळ लागायचा नाही.

नीलमबद्दल सांगायचं तर तिच्या भावापासून सुरुवात करावी लागते, आणि त्यात माझंही नाव येतं. म्हणून इतके दिवस टाळलं. आता टाळत नाही.

नीलमचे वडील तात्याराव झरीच्या शाळेत शिपाई. आई चांगुणाबाई दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायची. नागेश हा नीलमचा थोरला भाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा. दहावीत असताना तो वर्गातच कोसळला. हातपाय झाडले, तोंडाला फेस आला, पोरं भिऊन पळाली, कुणीतरी त्याच्या नाकाला चप्पल लावली. त्यानंतर महिन्याला एक-दोनदा फिट यायलाच लागली. शाळा सुटली ती सुटलीच. पुढं तो गावातल्या मंडपवाल्याकडे कामाला लागला.

लोकांनी सांगितलं, बाहेरचं आहे, भगताला दाखवा. एक भगत तर न बोलावता दारात आला. तात्यारावांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला. आमच्या घरात अंगारा चालणार नाही म्हणाले, आणि पोराला घेऊन परभणीला दवाखान्यात आले. डॉक्टरांनी तपासून एक गोळी सुरू केली, रोज संध्याकाळी जेवण झाल्यावर एक. फिट पुष्कळ कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. कधी येईल याचा नेम नव्हता, आणि घरातल्या चौघांना खरा घोर तोच होता.

नीलम माझ्याकडे बी.एस्सी.ला आली तेव्हा यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मला दिसली ती एक सावळी, बारकी, हट्टी पोर. आमच्याकडे प्रॅक्टिकलला ‘रीडिंग जुळवणं’ नावाची एक कला आहे. उत्तर काय यायला हवं ते पोरांना पाठ असतं. मग तिथून उलटं निघून रीडिंग लिहायचं. ती चोरी मी चालू देत नसे. पण माझी स्वतःची एक शिस्त होती: नऊ बिंदू रेषेवर आले आणि दहावा भलतीकडे गेला, तर तो दहावा मी लाल पेनानं काट मारून टाकायचो. नीलमच्या लोलकाच्या आलेखात असाच एक बिंदू होता. मी काट मारली. ती म्हणाली, सर, पण ते रीडिंग खरंच आलंय. मी म्हणालो, आलंय तर येऊ दे, तुझा हात हलला असेल. ती गप्प बसली. मला ते गप्प बसणं आवडलं, हे आज सांगायला लाज वाटते.

नांदेडला विद्यापीठात तिनं एम.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात. आता बी.एड. करील, कुठंतरी लागेल, असंच सगळ्यांनी धरलं होतं. आणि एक दिवस ती माझ्या घरी आली, ओट्यावर बसली आणि म्हणाली, सर, मला मेंदूचं शिकायचंय, पीएच.डी.ला. माझा पारा चढला. दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक हातात धरलं नाहीस, आणि निघाली मेंदू शिकायला. पाच वर्षं फिजिक्स काय भाजी निवडायला शिकलीस का, असंही बोललो.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे समजावलं. मोठ्या संस्थांमध्ये या विषयाला फिजिक्सची पोरंही घेतात; प्रवेश परीक्षा असते, मग मुलाखत. मेंदूत सगळा विजेचा खेळ चाललेला असतो, तो मोजायला आणि त्याचं गणित मांडायला आपल्यासारखी माणसं त्यांना हवी असतात. “नसांतून जातो तो करंटच असतो, सर,” ती म्हणाली. “फक्त तार मिठाच्या पाण्याची असते.” मग नागेशचं सांगितलं. तिला एकच गोष्ट हवी होती: त्याला फिट कधी येणार, ते आधी कळावं. एक दिवस आधी नाही तर निदान एक तास आधी.

मी चिडलो होतो तो या गोष्टीवर, की माझ्या विषयातलं मला माहीत नसलेलं काही ती मला सांगत होती. पण चीड उतरल्यावर मीच शेजारच्यांकडून अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं मागून आणली. चार महिने ती आठवड्यातून दोनदा झरीहून एसटीनं यायची. पेशीच्या पातळ पडद्यावर व्होल्टेज किती, हे ती दोन मिनिटांत सोडवायची. लहान मेंदू डोक्याच्या पुढं की मागं, हे मात्र तिला पुस्तकात बघावं लागायचं. आम्ही दोघं एकाच बाकावर बसून चित्रांतली नावं पाठ केली. साठीला आलेला मी आणि ती. माझ्या नोकरीतले सगळ्यात सुखाचे दिवस ते होते, आणि तेही निवृत्तीच्या अगदी तोंडावर आलेले.

परीक्षा ती पास झाली. मुलाखतीचं बोलावणं आलं. तेव्हा तिनं मला ती वही दाखवली.

तीन वर्षं रोज लिहिलेली वही होती. नागेश किती तास झोपला, काय काम केलं, फिट आली का, किती वेळ टिकली. ती नांदेडला होती तेव्हा नागेश स्वतः लिहायचा, वाकड्यातिकड्या अक्षरात. एके ठिकाणी त्यानं लिहिलं होतं, ‘आज काय झालं नाही. निले, तू जेव.’ त्या वहीवरून तिनं मुलाखतीसाठी एक आलेख काढला होता. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर आदल्या रात्रीची झोप, आणि प्रत्येक फिटचा एक ठिपका. सगळे ठिपके खाली, पाच तासांच्या आत. लग्नसराईत मंडपाच्या कामानं जागरण झालं, की दुसऱ्या दिवशी फिट. इतकं सरळ दिसत होतं ते. या पोरीनं साधी वही आणि घड्याळ यांच्या जोरावर हे काढलं होतं.

फक्त पाच ठिपके वर होते. आठ तासांवर, साडेआठ तासांवर. भरपूर झोप होऊनही आलेल्या फिट.

मी विचारलं, हे काय. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, “सर, या पाचांच्याही आदल्या दिवशी पौर्णिमा होती.”

झालं. माझा तोल गेला. आयुष्यभर मी पोरांना सांगत आलो, की अमावस्या-पौर्णिमेला काही होत नसतं, चंद्र म्हणजे दगडमातीचा गोळा आहे. आणि माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी मला पौर्णिमेच्या फिट दाखवत होती. मी तिला वाटेल तसं बोललो. उद्या मुलाखतीत म्हणशील, ग्रहणात आमच्याकडे चूल पेटत नाही. खेड्यातली पोर आहे, चंद्रावर फिटचं खापर फोडते, म्हणून हसतील ते तुला. ती हळूच म्हणाली, आई पण एकदा हेच म्हणाली होती, पौर्णिमेनंतरच होतंय म्हणून, तर बाबांनी तिला गप्प केलं, पुन्हा हे खूळ काढायचं नाही म्हणाले. मी म्हणालो, मग तुझ्या वडिलांना अक्कल आहे. आणि पाचही ठिपके लाल पेनानं खोडले.

तिनं नवा आलेख काढला. त्यात ते पाच नव्हते.

मुलाखतीत चार जण बसले होते. त्यातल्या एका प्राध्यापक बाईंनी तो आलेख बराच वेळ हातात धरला. म्हणाल्या, घरी ठेवलेल्या वहीतून इतकं स्वच्छ चित्र मी कधी पाहिलं नाही. यातलं काही गाळलंय का. नीलम म्हणाली, नाही. पुढं बाईंनी काही विचारलं नाही, कागद परत दिला. यादी लागली, त्यात नाव नव्हतं. परभणीला आल्यावर ती मला म्हणाली, “सर, मी नाही म्हणाले.” एवढंच. मी म्हणालो, पुढच्या वर्षी बघू, होतं असं.

हे जूनमधलं. जुलैत आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास, म्हणजे बौद्धांचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा व्रतकाळ, सुरू झाला. वर्षावासात गावातल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. पौर्णिमेला पांढरे कपडे घालून माणसं उपोसथ धरतात. दुपारी बारानंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. नागेशला या गोष्टीची फार ओढ होती. गेली तीन वर्षं तो वर्षावासातली एकही पौर्णिमा चुकवत नव्हता. त्या पौर्णिमेलाही त्यानं उपोसथ धरला, घरी येऊन लवकर निजला, आठ तास झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपाचं कापड धुवायला मालकाच्या दोन गड्यांबरोबर ओढ्यावर गेला. गडी चहा प्यायला वर गेले. परत आले तोवर नागेश पाण्यात पालथा पडलेला होता. पाणी गुडघ्याएवढं होतं.

मी तिसऱ्या दिवशी झरीला गेलो. तात्याराव माझा हात धरून बसून राहिले. चांगुणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, कुणाकडंच बघत नव्हत्या. मला रडू आवरेना. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला ते पाच ठिपके आठवलेसुद्धा नाहीत.

नीलमनं अभ्यास सोडला. परभणीत एका क्लासमध्ये अकरावीला शिकवायला लागली. मी दोनदा विषय काढला. दुसऱ्यांदा ती म्हणाली, कुणासाठी शिकू, सर.

दिवाळीनंतर ती आली. हातात वही होती आणि नागेशच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. नागेशच्या वस्तू आवरताना तिला डब्याच्या तळाशी सुट्या गोळ्या सापडल्या होत्या. दर महिन्याला नवी पाकिटं यायची; मागची एखादी उरली, की चांगुणाबाई ती फेकायच्या नाहीत, डब्यातच ठेवायच्या. नीलमनं माझ्यासमोर त्या ओळीनं मांडल्या. तेरा होत्या.

“वर्षावासात पौर्णिमा चार येतात,” ती म्हणाली. “तीन वर्षांच्या चार त्रिक बारा. आणि ही आषाढातली तेरावी.”

मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. गोळी जेवल्यावर द्यायची. पौर्णिमेला नागेश संध्याकाळी जेवायचाच नाही. म्हणून त्या दिवशी गोळीच नाही. तेरा वेळा गोळी चुकली. सात वेळा निभावलं, पाच वेळा फिट येऊन गेली आणि तेराव्या वेळी ओढ्यात आली. चंद्राचा काही संबंध नव्हता. मी बरोबर होतो, आणि माझ्या त्या बरोबर असण्यानं एक तरणाताठा पोरगा गेला. ते पाच ठिपके काय सांगतात, एवढं जर मी धड बघितलं असतं, तर एका वाक्यात काम होतं: उपाशी असलास तरी गोळी घे. डॉक्टरांना नुसतं विचारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं.

नीलम मला विचारायला आली होती, की हे आईला सांगायचं का. गोळी रोज आईच्या हातानं दिली जायची. तिला कळलं, तर ती जगेल का. मी लगेच म्हणालो, नको, अजिबात सांगू नकोस, काय उपयोग आता. ती डबा घेऊन गेली. पुढचे पंधरा दिवस मला अन्न गेलं नाही. बायको म्हणाली, दवाखान्यात चला. दवाखान्याचं दुखणं नव्हतं ते. चांगुणाबाईंची काळजी वाटून मी ‘नको’ म्हणालो नव्हतो. गोळीचं निघालं असतं, तर खोडलेल्या ठिपक्यांचंही निघालं असतं, आणि मला माझं तोंड वाचवायचं होतं. सोळाव्या दिवशी मी नीलमला फोन केला आणि आम्ही दोघं झरीच्या गाडीत बसलो.

तात्याराव आणि चांगुणाबाई दोघंही घरी होते. चहा झाला. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. ठिपक्यांचं आधी सांगितलं, गोळीचं नंतर. मी खोडले म्हणालो, नीलम पौर्णिमेचं सांगत होती, मी तिला ओरडलो. बोलताना मी चांगुणाबाईंच्या तोंडाकडे बघू शकलो नाही, जमिनीकडे बघत राहिलो. तात्याराव उठून बाहेर गेले आणि अंगणात पाठमोरे उभे राहिले.

नीलमनं विचारलं, आई, पौर्णिमेला गोळीचं काय करायचीस. मग चांगुणाबाई बोलल्या. आवाज चढलेला नव्हता. “दाक्तर म्हणले व्हते, जेवल्यावर द्या. पुनवेला तो जेवत नव्हता. म्हून मी देत नव्हते.”

मी म्हणालो, बाई, तुमची काही चूक नाही.

“मला दिसायलं व्हतं, सर, पुनवेच्या दुसऱ्या दिशी व्हतंय म्हून. एकदा बोलले, तर ह्यांनी गप केलं. त्याच्यामागं मला कुणी इचारलंच न्हाई.” त्या थांबल्या. नीलमकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तुमी दोघं एवढे शिकलेले. वहीत समदं लिवलेलं व्हतं. मला वाटलं, तुमाला ठाव असंल.”

मी त्यांच्यापुढं हात जोडले आणि ढसाढसा रडलो, म्हातारा माणूस, परक्या घरात. माझी गलती झाली म्हणालो. त्या म्हणाल्या, गलती समद्यांचीच हाय, सर, आता कुणाकुणाला धरू. मला क्षमा केली असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही मागितली नाही. मागायची हिंमत झाली नाही.

निघताना त्यांनी नीलमला जवळ बोलावलं. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तू जा शिकायला. तिथं कुणाची तरी माय येईल लेकराला घिऊन. तिला आदी इचार. ती सांगंल.”

दुसऱ्या दिवसापासून नीलम पुन्हा माझ्या बाकावर येऊन बसायला लागली. मी यावेळी फार बोलत नसे. ती विचारील तेवढंच सांगायचो, आणि पुष्कळ वेळा तिलाच विचारायचो. तिनं परीक्षा पुन्हा दिली, पुन्हा बोलावणं आलं. आलेख नवीन काढला. त्यात वर सहा ठिपके होते.

मुलाखतीला तीच माणसं होती, त्याच बाई होत्या. त्यांनी ओळखलं. हे वरचे गेल्या वर्षी नव्हते, म्हणाल्या. नीलमनं सांगितलं, मी गाळले होते आणि तुम्हाला खोटं सांगितलं होतं. पाच तेव्हाचे आहेत. सहाव्यात माझा भाऊ गेला. मग उपोसथ सांगितला, गोळी सांगितली. बाईंनी विचारलं, हे तुला कसं शोधता आलं. हे सगळं तिनं तिथून बाहेर पडल्या पडल्या मला फोनवर सांगितलं. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस.

“डब्यातल्या गोळ्या मोजल्या आणि आईला विचारलं म्हणाले, सर,” ती म्हणाली. “पण उशिरा विचारलं म्हणाले.”